तणमोराचे पटवारी

काकाजींच्या घरात 'पडीत' हा शब्द उच्चारायला बंदी होती. जमीन पडीत, वावर पडीत, एवढंच काय, पलंगाखाली पडीत सामान आहे असंसुद्धा म्हणता येत नसे. काकू कधी चुकून म्हणून गेल्या तर ते हातातला पेपर बाजूला ठेवायचे आणि त्यांच्याकडे बघत नुसते थांबायचे. काकू कंटाळून वाक्य दुरुस्त करायच्या, "ठेवलेलं सामान. झालं आता?" मग काकाजी मान हलवून पेपर पुन्हा नाकाजवळ धरायचे.

मागच्या मार्गशीर्षात ते गेले. मी त्यांची नात्याची कोणी नव्हे. पवनी तालुक्यात, आसगावच्या पलीकडच्या एका गावात वनरक्षक म्हणून माझी पहिली नेमणूक झाली आणि चार वर्षं मी त्यांच्याकडे भाड्याने राहिले, एवढाच आमचा संबंध. गावात खोली शोधत फिरताना दोन घरांनी आधी आडनाव विचारलं आणि मग खोली रिकामी नसल्याचं सांगितलं. काकाजींनी आडनाव विचारलं नाही. रानात पायी फिरता की गाडीवर, एवढंच विचारलं. मी पायी म्हणाले. त्यांनी किल्ली दिली. संध्याकाळी मी बुद्धाची तसबीर लावायला खिळा शोधत होते तर ते स्वतः हातोडी घेऊन आले, भिंत बोटांनी वाजवून बघितली, जिथे ती धरेल तिथे खिळा मारला आणि निघून गेले.

ते निवृत्त तलाठी होते. आमच्याकडे तलाठ्याला पटवारीच म्हणतात, आणि निवृत्त झाला तरी तो पटवारीच राहतो. गावात त्यांना पटवारी काकाजी म्हणत. अर्धं गाव त्यांना मान द्यायचं, कारण उभ्या नोकरीत त्यांनी कोणाचा सातबारा अडवला नव्हता. उरलेलं अर्धं गाव हसायचं. आणि खरं सांगायचं तर मान देणारे आणि हसणारे बहुतेक तेच लोक असायचे.

हसण्यासारखं बरंच होतं. घराच्या मागे त्यांची चांगली दहा-बारा गुंठे मोकळी जागा होती. दुसऱ्या कोणी तिथे वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर लावली असती. काकाजींनी गवत ठेवलं होतं. पावसाळ्यात ते कमरेला यायचं आणि दिवाळीनंतर पिवळं पडून दिवसभर सळसळायचं. शेजारचे लोक सापाची तक्रार घेऊन यायचे. काकाजी त्यांना खुर्ची द्यायचे, चहा सांगायचे, साप केवढा होता, कोणत्या रंगाचा होता, कुठून कुठे गेला हे सगळं नीट लिहून घ्यायचे आणि आभार मानायचे. तक्रार करणारा चहा पिऊन घरी जायचा. गवत तिथंच.

त्यांचं चालणंही वेगळं होतं. मान खाली, नजर हातभर पुढे, आणि पाऊल टाकण्याआधी ते क्षणभर हवेत धरलेलं. गवतात असं चालणं समजू शकते, पण पवनीच्या बाजारात, डांबरी रस्त्यावरसुद्धा ते तसेच चालायचे. मी एकदा कारण विचारलं. ते म्हणाले, जमिनीवर राहणारे पक्षी घरटं असं बांधत नाहीत, गवत जरा दाबून तिथंच अंडी घालतात, आणि अंडी मातीच्या रंगाची असतात. पायाला एकदा सवय लागली की लागली. डांबरावर कोण अंडी घालून राहिलं, असं काकू आतून म्हणाल्या. काकाजींनी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

गावाच्या पश्चिमेला, धानाच्या बांध्या संपल्या की एक मोठं गवताचं रान होतं. सरकारी जमीन. मध्ये मध्ये पळसाची झुडपं, एका अंगाला नाला, बाकी सगळं गवत. गावातल्या बाया तिथे गवत कापायला जायच्या. कापणी सुरू झाली की काकाजी चहाची किटली घेऊन हजर. बायांनी कडेपासून आत कापत जाऊ नये, रानाच्या मधातून सुरू करून कडेकडे यावं, एवढंच त्यांचं म्हणणं असायचं. कडेने कापत गेलं तर आतले पक्षी, पिल्लं मध्ये कोंडली जातात; मधातून कापलं तर त्यांना पळायला वाट राहते. बायांना यात चालणं जास्त पडायचं. पण चहा मिळायचा आणि पटवारी काकाजी हात जोडून सांगायचे, म्हणून त्या ऐकायच्या.

त्यांच्याकडे एक लांब वही होती. त्यात त्यांनी सरकारी नमुन्यासारखे खाने आखले होते: पक्ष्याचे नाव, ठिकाण, वहिवाट कधीपासून, शेरा. तित्तरापुढे शेरा होता, 'दोन कुटुंबे, सामाईक.' टिटवीपुढे होता, 'तक्रारखोर, परंतु खरे बोलते.' चंडोलापुढे 'वरच्या मजल्याचाही वापर करतो' असं लिहिलं होतं. मी हसले की ते खूश व्हायचे. त्या वहीतली शेवटची काही पानं मात्र त्यांनी दोऱ्याने शिवून बंद केली होती. त्याबद्दल विचारलं तर म्हणायचे, तो जुना फेरफार आहे, तुमच्या कामाचा नाही.

ती पानं उघडली ती माझ्यामुळे. माझं नोकरीचं दुसरं वर्ष होतं. भंडाऱ्याला एक प्रशिक्षण झालं आणि तिथून दुर्मीळ होत चाललेल्या पक्ष्यांची एक पुस्तिका मिळाली. जेवताना मी ती चाळत होते. काकाजींनी विचारलं म्हणून मोठ्याने वाचू लागले. माळढोक झाला, मग तणमोर आला. गवतात राहणारा, कोंबडीएवढा, नर पावसाळ्यात गवतातून उंच उड्या मारतो, असं वर्णन होतं. त्याखाली लिहिलं होतं की हा पक्षी आधी 'संकटग्रस्त' यादीत होता, आता 'अतिसंकटग्रस्त' यादीत टाकला आहे.

काकाजींचा घास हातातच राहिला. त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, "याच्या पुढचा खाना कोणता असते?"

मी सांगितलं, वन्य अवस्थेत नामशेष.

"अन् त्याच्या पुढचा?"

"नामशेष."

"म्हणजे दोनच खाने राहिले," ते म्हणाले. ताटात अर्धा भात तसाच टाकून उठले, आणि मागच्या गवताकडे तोंड करून दारात उभे राहिले. काकूंनी दोनदा हाक मारली. ते आत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावलं, माझ्यासमोर ब्लेडने दोरा कापला आणि वही पुढे सरकवली. सगळ्या ओळी तणमोराच्याच. वर्षाला एक ओळ, एवढे नर दिसले म्हणून. सुरुवातीला सात, सहा, एका वर्षी आठ. मग चार. मग दोन. मागची पाच-सहा वर्षं नुसता एक. ठिकाण एकच, पश्चिमेचं रान.

आणि मग त्यांनी मला ते सांगितलं, जे मला वाटतं त्यांनी काकूंनाही कधी सांगितलं नसावं. ते नोकरीला नवीन होते. जमिनींच्या नोंदी नव्याने करायच्या होत्या. जुन्या कागदात त्या रानापुढे 'गवत, गुरचराई' असं लिहिलेलं होतं. नव्या नमुन्यात जागेवर जाऊन, बघून लिहायचं होतं. "साहेबानं सांगितलं, संध्याकाळपर्यंत सारे खाने भरून पाहिजे. पानी पडून राहिलं होतं. मनलं कोन जाते तिकडं चिखल तुडवत. चावडीतच बसलो अन् लिवून टाकलं, पडीत. पुढच्या श्रावणात पीक पाहाले गेलो, तं तो उडून राहिला होता."

त्यांनी तेव्हाच दुरुस्तीचा प्रयत्न केला. अर्ज केला, वरच्यांना भेटले. पडीत जमिनीला गवताची जमीन म्हटल्याने काय फरक पडतो, असं त्यांना विचारण्यात आलं. नोंद राहिली. मग ते दर पावसाळ्यात तिथे जाऊन बसू लागले. घराबाहेर कोणाला सांगितलं नाही. आधी फासे लावणाऱ्यांची भीती होती. पुढे कॅमेरेवाल्यांची, दुसऱ्या कुठल्याशा जिल्ह्यात फोटोसाठी लोकांनी एका मादीला अंड्यांवरून उठवलं, हे त्यांनी ऐकलं होतं. आपल्या तोंडून बाहेर गेला की तो रानातूनही जाईल, असं त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं.

मी त्यांना म्हणाले की कागदावर नाही म्हणजे सरकारच्या लेखी तो पक्षी इथे नाहीच. उद्या त्या रानात कोणी काही केलं तर कोणाला काय दाखवणार? ते म्हणाले, हे काल जेवताना समजलं.

आणि महिनाभरातच झाडं लावायच्या जागांची यादी आली. आमच्या बीटमध्ये एक मोठी जागा होती, तेच रान. कागदावर पडीत, सरकारी, विनावाद. तिथे साग, करंज, बांबू लावायचे होते. झाडं लावण्याविरुद्ध कोण बोलणार? मी स्वतः शाळेत असल्यापासून झाडे लावा असं भिंतींवर वाचत आले होते. ज्या जागी सावली आली की संपतो असाही एखादा जीव असतो, हे मला काकाजींनी शिकवलं.

जागेची पाहणी करून अहवाल देणं माझं काम होतं. अहवालात एक खाना होता: 'आढळलेले महत्त्वाचे वन्यजीव'. काकाजी म्हणाले, चला, तुम्हाला दाखवतो. श्रावण लागला होता. उजाडताच आम्ही जाऊन एका पळसामागे बसायचो. छत्री उघडायची नाही, बोलायचं नाही. पहिले तीन दिवस काही दिसलं नाही. पाऊस अंगावर घेऊन परत यायचो.

चौथ्या दिवशी पाऊस थांबला होता. आधी आवाज आला. बेडकाने घसा साफ करावा तसा, कोरडा, टरटरणारा. आणि समोर चाळीस-पन्नास पावलांवर गवतातून एक काळा पक्षी सरळ वर आला, माणसाच्या डोक्याएवढा उंच, मान मागे टाकलेली, पाय लोंबते, पंख थरथरणारे. आणि वर येऊन हातातून सुटल्यासारखा खाली पडला. गवत हललं आणि थांबलं. मोबाइल माझ्या हातातच होता. मी नंतर बघितलं तर फोटोत नुसतं गवत होतं.

मी काकाजींकडे वळले. ते माझ्याच तोंडाकडे बघत होते. त्यांनी भुवया उंचावून विचारलं, मी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. आम्ही आणखी तासभर बसलो, पण तो पुन्हा उडाला नाही. परत येताना ते बांधीच्या अरुंद धुऱ्यावरून दोनदा घसरले. मला वाटलं, आनंदाने.

अहवालाच्या त्या खान्यात मी पेन्सिलने लिहिलं, 'तणमोर, नर, एक.' कागद माझ्या वरच्या साहेबांसमोर ठेवला. साहेब वाईट माणूस नव्हते, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. त्यांनी फोटो आहे का विचारलं, आवाज रेकॉर्ड केला का विचारलं. मग म्हणाले, अलीकडे या भागात हा पक्षी दिसल्याची नोंद नाही. असं लिहिलं की वरून लोक येतील, तज्ज्ञ येतील, आणि काही सापडलं नाही तर पहिलं नाव तुमचं येईल. तुमची नोकरी अजून पक्की झालेली नाही. विचार करा.

आमच्या घरातली पगाराची पहिली नोकरी माझी होती. बाबा गेलेले, आई दुसऱ्यांच्या बांध्यांवर रोवणीला जायची, आणि ती माझा गणवेश घरी आला की स्वतः इस्त्री करायची. मी विचार केला. पेन्सिलचं खोडलं आणि पेनाने लिहिलं, 'निरंक', म्हणजे काही आढळलं नाही. हा शब्द लिहायला किती कमी वेळ लागतो.

मग ग्रामसभा झाली. झाडं लावण्याचा ठराव होता. सरपंचबाई, साहेब, मी, आणि गावातली शे-दीडशे माणसं. खड्ड्यांची मजुरी गावातच मिळणार म्हणून सगळे खुशीत होते. तेव्हा काकाजी उठले. जी गोष्ट त्यांनी जन्मभर दाबून ठेवली होती ती त्यांनी सगळ्यांसमोर सांगायला सुरुवात केली. त्या रानात तणमोर राहतो, आता देशात तो थोडकाच उरला आहे, तिथे झाडं लावू नका, लावायचीच तर दुसरी जागा आहे. लोक ऐकत होते पण त्यांना कळत नव्हतं. सरपंचबाईंनी आदराने विचारलं की काकाजी, तो पक्षी असते कसा, आम्ही तर कधी पाहिला नाही.

काकाजींनी चपला काढल्या. चष्मा काढून शेजारच्याच्या हातात दिला. दोन्ही हात अंगाशी दुमडले, घशातून तो टरटर आवाज काढला आणि उडी मारली. सत्तरीला आलेला माणूस. पहिल्या उडीला कोणाला काही समजलं नाही. दुसऱ्या उडीला मागच्या लोकांमध्ये हशा पिकला. खोटं कशाला सांगू, मलाही हसू आलं आणि मी तोंडावर हात धरला. तिसऱ्या उडीला ते वाकडे उतरले, गुडघा दुमडला आणि टेबलाला धरून उभे राहिले. सरपंचबाईंनी त्यांना खुर्ची दिली.

मागून कोणीतरी म्हणालं, "गार्ड मॅडमले इचारा ना. त्या रोजच फिरते रानात. त्याइनं पाहिला का?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. साहेब समोरच्या कागदांकडे बघत होते. मी उभी राहिले आणि म्हणाले, "खात्रीने सांगता येणार नाही."

काकाजींनी चष्मा परत घेतला, पुसला, घातला. माझ्याकडे बघितलं नाही. ठराव हात वर करून मंजूर झाला. घरी जेवायला बसलो तेव्हा मला वाटलं, आता ते बोलतील. ते काकूंना एवढंच म्हणाले की मॅडम सकाळपासून उपाशी आहेत, त्यांना भात वाढा.

चैत्रात खड्डे सुरू झाले. ते रोज यायचे. भांडायला नाही. मजुरांना रामराम करायचे, उन्हाचं बाईमाणसांना पाणी पाजायचे, अंड्याचं टरफल, पीस काही सापडलं तर दाखवा म्हणून सांगायचे. एका दुपारी ते मला दिसेनात. शोधत गेले तर एका खणलेल्या खड्ड्यात बसले होते, फक्त डोकं वर. मी घाबरून काय झालं विचारलं. त्यांनी शेजारच्या खड्ड्याकडे बोट दाखवलं आणि बसायला सांगितलं. मी गणवेशात होते, मजूर बघत होते, तरी बसले. तिथून गवताची बुडं डोळ्यांसमोर येत होती. पलीकडचं काहीच दिसत नव्हतं, फक्त काड्या आणि त्यांच्यावर आभाळ.

"तो असाच पाहत असन," ते म्हणाले. "म्हणून उडते. नाही तं मादीले कसं मालूम होईन तो कुठं आहे?"

नाल्याच्या बाजूचा एक तुकडा मी मोजणीत चुकवून सोडून दिला. तेवढंच माझ्याकडून झालं. आषाढात रोपं लागली. काकाजी पळसामागे बसायला गेले. पूर्ण श्रावण, पूर्ण भादवा. आवाज आला नाही. पुढच्या वर्षीही नाही. त्याच्या पुढच्या वर्षी माझी बदली मोहाडी तालुक्यात, करडीकडे झाली. निघताना मी पाया पडले तर म्हणाले, तिकडंही रानं असतील, फिरत जा.

ती रोपं तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत बहुतेक वाळली. खाली मुरूम होता, बकऱ्या होत्या, पाणी नव्हतं. वाळलेल्या काड्यांमधून गवत पुन्हा वर आलं, पहिल्यासारखंच. तो मात्र आला नाही. काकूंशी फोनवर बोलणं व्हायचं त्यातून हे कळायचं. काकाजींनी आता लपवणं सोडलं होतं. बसस्टँडवर, शाळेत, रोवणीवरच्या बायांना, भेटेल त्याला तणमोराबद्दल सांगायचे. आणि कोणी उडून दाखवा म्हटलं की दाखवायचे. म्हणणारा टिंगल करतोय हे त्यांना समजत नव्हतं असं नाही. पण विचारलं ना, मग दाखवायला पाहिजे, असं ते काकूंना म्हणायचे. शेवटी गुडघ्याने नाही म्हटलं तेव्हा थांबले.

मार्गशीर्षात काकूंचा फोन आला की भंडाऱ्याच्या दवाखान्यात आहेत, छातीत पाणी झालं आहे. मी सुट्टी टाकून दुपारी पोचले. काकू डबा आणायला त्यांच्या भाचीकडे गेल्या होत्या. काकाजी उशीला टेकून बसले होते, निम्मे झालेले. मला आवाजावरून ओळखलं. माझ्या आईची चौकशी केली, करडीकडे धान कसं आहे विचारलं. 

"मॅडम, एक इचारू का? त्या दिवशी त्याच्या पंखात पांढरं दिसलं का?"

मला कळेना. म्हणाले, "तुम्ही होता ना काकाजी. तुम्हीच दाखवला."

"मले नुसता आवाज आला. मोतीबिंदू पिकला होता दोन्ही डोळ्यांत. दूरचं काही दिसे नाही. ऑपरेशन करतो तं पावसाळा जाते, म्हणून टाळून राहिलो होतो. तुमच्या तोंडाकडं पाहिलं, तवा समजलं की तुमाले दिसला."

म्हणजे त्या सकाळी त्याला बघणारी मी एकटी होते. त्यांनी ग्रामसभेत उड्या मारल्या त्या माझ्या डोळ्यांवर विसंबून, आणि मी त्यांच्यासमोरच उभी राहून खात्री नाही म्हणाले होते. मला बसवेना. मी उठून खिडकीपाशी गेले, परत आले.

"दिसलं होतं," मी म्हणाले. "पंखांत पांढरं होतं. अगदी स्वच्छ."

"मंग तोच होता," ते म्हणाले.

"काकाजी, मी अहवालात निरंक लिहिलं."

"मालूम आहे मले. नक्कल मागून पाहिली होती मी." त्यांनी थोडा दम घेतला. "मी न पाहता लिवलं होतं. तुम्ही पाहून लिवलं." एका नोंदीशेजारी दुसरी नोंद ठेवून बघावी तसं ते बोलले. आवाजात राग नव्हता. त्यांनी पांघरुणाबाहेर हात काढून माझ्या मनगटावर ठेवला आणि तिथेच राहू दिला.

काकू डबा घेऊन आल्या. मी बाजूला होऊ लागले तर काकाजी म्हणाले, "थांबा. हिले सांगा तो कसा होता. मॅडमनं पाहिला आहे," ते काकूंना म्हणाले, "शेवटचा."

काकू स्टुलावर बसल्या. डबा मांडीवर. त्यांनी त्याला कधीच पाहिलं नव्हतं. चाळीस पावसाळे हा माणूस पहाटे उठून कोणाकडे जातो ते त्यांना ऐकून माहीत होतं, पण रंगीत लुगडं गवतात लांबून दिसते म्हणून त्यांना एकदाही नेलं नव्हतं. मी सांगायला लागले. आधी आवाज कसा आला ते सांगितलं, मग काळी मान, पंखांतलं पांढरं, डोक्यामागे वळलेली तुऱ्याची बारीक पिसं, लोंबते पाय, आणि तो वर येऊन कसा पडला ते. काकाजी डोळे मिटून ऐकत होते. मध्ये एकदा 'हं' म्हणाले.

माझं सांगून झालं. मग काकूंनी विचारलं, "केवढा होता?"

"कोंबडीएवढा, काकू."

"कोंबडीएवढाच?"

"हो."

त्यांनी डब्याचं झाकण काढलं. "मले वाटे, मोठा असन," म्हणाल्या, आणि काकाजींसाठी भात कालवायला घेतला.